नऊ नंबरचं पाणी

आमच्या घरात मासा यायचा तो पिशवीतून आणि जायचा तो थेट कालवणात. त्यामुळे बाबा एका रविवारी काचेची पेटी खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांच्या हातातल्या पाणी भरलेल्या पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे वळवळताना दिसले, तेव्हा आत्याने विचारलं ते काही चूक नव्हतं. "इतके बारीक? मेल्या बाबल्या, मी ह्येंका कापतलंय कशी?" बाबा आमच्याशी साधं मराठी बोलत, पण आत्या समोर आली की त्यांची जीभ आपोआप मालवणीवर जायची. "आक्का, हे खावचे नाय. बघूचे." "बघूचे? आणि मगे?" "मगे काय नाय. नुसते बघूचे." आत्याने आईकडे बघितलं, आईने छताकडे बघितलं, आणि मी मात्र आनंदाने अशी काही किंचाळले की शेजारची शैलावहिनी पोटाशी हात धरून बघायला आली. तिला तेव्हा नववा महिना होता. आत्याने मला आधी एक धपाटा घातला आणि मग शैलावहिनीला बसायला पाट दिला.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची चाळ. दोन खोल्या आणि चार माणसं: आई, बाबा, आत्या आणि मी. दुपारी वारा सुटला की मिठागरांवरून असा खारट वास यायचा की नळाचं पाणीही मचूळ लागतंय असं वाटायचं. आई भांडुपला एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या भरायला जायची, बाबा सकाळी सातच्या भोंग्याला बाहेर पडायचे, मी शाळेत. घर चालवायची ती आत्या. बाबांची थोरली बहीण. ऐन विशीत नवरा गेला, तेव्हा बाबा गावी जाऊन तिला घेऊन आले, ते कायमचं. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा, आंबोळ्या, कुळथाची पिठी, हे सगळं तिच्या हातचं. आईच्या हातचं आम्हाला फक्त रविवारी मिळायचं, आणि खरं सांगायचं तर रविवारी आम्ही जरा कमीच जेवायचो.

बाबा आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली आणि त्यानंतरचे काही महिने घरात कुणी मोठ्याने हसलं असेल तर मला आठवत नाही. मग त्यांना रंगाच्या कारखान्यात काम मिळालं. प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं. काम बाटल्या धुवायचं, पण अंगावर पांढरा कोट! तो कोट बाबा घरी आणून स्वतः धुवायचे, नीळ घालायचे, आणि आईला इस्त्रीला हात लावू द्यायचे नाहीत. तिथल्या साहेबांची बडोद्याला बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी आपल्या टेबलावरची ही पेटी, तिचा हवेचा पंप, सहा टेट्रा आणि दोन एंजल मासे बाबांना देऊन टाकले. त्याच्याबरोबर आगपेटीएवढी एक वहीही दिली. तिच्यातली कागदाची पट्टी फाडून पाण्यात बुडवली की तिचा रंग बदलायचा, आणि वहीच्या पाठीवर छापलेल्या रंगांशी ताडून बघितलं की पाण्याचा नंबर कळायचा. सात म्हणजे हिरवट, पाणी ठीक. आकडा खाली गेला की पिवळं, तांबडं, म्हणजे आंबट. वर गेला की निळं. साहेबांनी बाबांना बजावलं होतं, "हे मासे नाजूक आहेत. पाणी सातच्या वर जाऊ द्यायचं नाही." बाबांनी हे वाक्य घरी येऊन आम्हाला असं ऐकवलं की जणू काही साहेबांनी कारखान्याच्या किल्ल्याच त्यांच्या हाती दिल्या.

पहिल्या आठवड्यात आम्ही बापलेकीने काय काय नाही मोजलं! सोलकढी तीन. ताक चार. आईचा चहा सहा. कपड्याच्या साबणाचं पाणी दहा. माझी थुंकी सात, त्यावर बाबा म्हणाले, "बघ, तोंड फटकळ असलं तरी थुंकी बरी आहे." मी पुढे तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आम्ल आणि अल्कली हा धडा आला की मुलं जांभया द्यायची, आणि मी मात्र दरवर्षी नव्याने खुलायचे. माझ्या सहकाऱ्यांना त्याचं फार नवल वाटायचं. त्यांना काय सांगू, की मी हा धडा पुस्तकातून शिकलेच नव्हते. आमसुलाच्या वाटीत पट्टी बुडवून ती तांबडी झालेली बघताना बाबांच्या तोंडावर जो आनंद होता तो मला तोंडपाठ होता.

आणि आत्या? "नुसते बघूचे" म्हणून नाक मुरडणारी ही बाई आठ दिवसांत त्या माशांत अशी गुंतली की विचारू नका. दुपारी घरात कुणी नसायचं. पंप आपला बुडबुडबुडबुड करत असायचा आणि आत्या पेटीसमोर पाट टाकून तांदूळ निवडत त्यांच्याशी बोलत बसायची. कोण कुणाशी भांडला, कोण आज जेवला नाही, सगळी बातमी मला शाळेतून आल्याबरोबर मिळायची. दोन एंजलना तिने थोरलो आणि धाकटो अशी नावं दिली होती. एकदा ती बांगडे तळत होती आणि मध्येच उठून तिने पेटीवर टॉवेल टाकला. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणते, "तेंनी बघूक नको." मी हसून हसून जमिनीवर लोळले. चूल फुंकताना डोळ्यांत पाणी आलं तरी आम्ही तिला विचारायचो, कुठला मासा रुसला गं?

महिन्याभरात माशांची तब्येत बिघडायला लागली. आधी टेट्रांच्या अंगावरची ती निळी चकाकी गेली. मग ते पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंड उघडमीट करायला लागले. एक सकाळी तळाशी आडवा दिसला. तीन दिवसांनी दुसरा. बाबांनी पट्टी बुडवली तर निळी! नऊ. बाबांना वाटलं नळाच्या पाण्यात काहीतरी आलं असेल. नळाखाली पट्टी धरली तर सात. मग पेटीतलं अर्धं पाणी काढून नवं भरलं. कारखान्यातल्या एका केमिस्टने सांगितलं म्हणून मी कंपाउंडातल्या बदामाची वाळलेली तांबडी पानं गोळा केली, उकळली आणि ते पाणी गाळून घातलं. पेटीचा रंग बिनदुधाच्या चहासारखा झाला आणि नंबर उतरून साडेसातवर आला. आम्ही खूश! संध्याकाळी बघतो तर पुन्हा नऊ. पुन्हा पाणी बदल, पुन्हा पानं. सकाळी खाली, संध्याकाळी वर. चौथा टेट्रा गेला. मग धाकटो एंजल गेला, आणि आत्या दोन घास खाऊन ताटावरून उठली. बाबांचं तोंड एवढंसं झालं होतं. "साहेबांना काय सांगू," असं ते म्हणाले नाहीत, पण पांढरा कोट दोन दिवस तसाच खुंटीला राहिला.

आता मी काही रहस्यकथा लिहीत नाहीये, तेव्हा वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवत नाही. पाण्याचा नंबर चढवत होती ती आमची आत्या. चुन्याच्या निवळीने. आजच्या पोरींना निवळी म्हणजे काय ते सांगायला हवं. खायच्या चुन्याची हरभऱ्याएवढी गोळी बाटलीभर पाण्यात घालून हलवायची आणि बाटली तशीच ठेवून द्यायची. चुना तळाला बसतो आणि वर काचेसारखं स्वच्छ पाणी राहतं, ते हळूच ओतून घ्यायचं. ती निवळी. पोराची हाडं बळकट व्हावीत, दात वेळेवर यावेत, दूध पचावं, म्हणून घरोघरी चमचाभर द्यायचे. आताचे डॉक्टर नको म्हणतात आणि त्यांचं बरोबर असेल, पण मी त्या निवळीवरच वाढले. मासे सुकायला लागल्यावर आत्याने तेच केलं जे तिने माझ्यासाठी केलं होतं. रोज दुपारी एक वाटी निवळी पेटीत. मासे जितके खंगत गेले तितकी वाटी मोठी होत गेली. आणि कुणाला बोलली नाही, कारण निवळी देणं ही काय सांगायची गोष्ट आहे का? मीठ घातलं हे कोणी सांगतं का?

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, पण ती इथेच सांगते, नाहीतर पुढे मी काय केलं त्याचं वजन समजायचं नाही. आत्याला एक मुलगा झाला होता. आठ महिन्यांचा होऊन गेला. पोर बारीक होतं, हाडंच हाडं. आत्याला निवळी द्यायची होती आणि सासूने दिली नाही. चुन्याने पोराची आतडी जळतील म्हणाली. सोळा-सतरा वर्षांची पोर, ती सासूपुढे काय बोलणार? पोर गेल्यावर तीच सासू गावभर म्हणत सुटली, हिच्या हाताला गुण नाही, ही लावील ते मरतं. पुढे नवरा तापाने गेला तेव्हा तर काय, बोलणाऱ्यांना आयतंच मिळालं. बाबा तिला मुंबईला घेऊन आले ते त्या बोलण्यातून उचलूनच. ह्याबद्दल आमच्या घरात चकार शब्द कधी निघाला नव्हता.

आणि मुंबईत झालं असं, की आत्याच्या हाताला गुण आहे म्हणून ती आमच्या चाळीत प्रसिद्ध झाली. कोणाचंही बाळ असो, त्याला तेल लावून न्हाऊ घालायचं ते आमच्या आत्यानेच. पाटावर बसून पाय लांब करायची, बाळ पायांवर पालथं घ्यायची आणि असं चोळायची की रडून लाल झालेलं पोर शेवटच्या तांब्याला गप्प व्हायचं आणि धुरी घेताना झोपून जायचं. चाळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली आहेत. शैलावहिनीची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची झाली होती. रोज सकाळी दहाला आत्या त्यांच्याकडे जायची आणि येताना तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि वेखंडाचा वास असायचा. त्या अर्ध्या तासात आत्या दुसरीच कुणीतरी बाई असायची. गाणं म्हणायची!

तर त्या शनिवारी माझी शाळा अर्ध्या दिवसाची होती. मी चप्पल काढून आत आले आणि बघते तर आत्या पेटीवर वाकून वाटी ओततेय. बाजूला चुन्याची बाटली. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. सकाळी साडेसात, संध्याकाळी नऊ, आणि मधे दुपार. उरलेल्या दोन टेट्रांपैकी एक त्या क्षणी उलटा होऊन तरंगत होता. मी पंधरा वर्षांची होते, महिनाभर पानं उकळून उकळून माझी बोटं तपकिरी झाली होती, आणि माझ्या जिभेला हाड तेव्हाही नव्हतं. मी दप्तर आपटलं आणि ओरडले, "तू! तूच मारलेस सगळे! आम्ही मरतोय पाणी उतरवायला आणि तू विष ओततेस! तुझ्या हाताने मेले सगळे!"

आत्या वाटी धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "निवळी दिलंय गो बाय. तेंका ताकद येऊक." मी म्हटलं, "कसली डोंबलाची ताकद!" आणि पट्टी फाडून निवळीत बुडवली. पार जांभळी झाली. मी ती ओली पट्टी तिच्या डोळ्यांसमोर नाचवली. तिने पट्टीकडे बघितलं, मग वाटी मोरीत ठेवली, बाटली ओतून टाकली, आणि हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. साबण लावून, पुन्हा पुन्हा. मग पदराला न पुसताच ती खिडकीशी जाऊन बसली. मला अजून वाटतं की त्या वेळी कोणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

संध्याकाळी आई आल्यावर मी तावातावाने सगळं सांगितलं, शाबासकी मिळेल ह्या अपेक्षेने. आई ऐकता ऐकता खाली बसली. "तू 'हाताने' म्हणालीस? त्या शब्दात म्हणालीस?" मग मला गॅलरीत नेऊन तिने हळू आवाजात ते आठ महिन्यांचं पोर, सासू, सगळं सांगितलं. आत जाऊन मी आत्याच्या पायाशी बसले, तर ती म्हणाली, "अभ्यासाक बस." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आत्याने चूल पेटवली नाही. आजारी नव्हती. धुणं धुतलं, केर काढला, भांडी लख्ख घासली. पण शिजवणं नाही, वाढणं नाही, कुणाच्या हातात काही देणं नाही. पाण्याचा पेला मागितला तर म्हणायची, "घे गो, थंय असा," आणि माठाकडे बोट दाखवायची. आई पहाटे उठून कसंबसं भात-आमटी करून पळायची. आणि दहा वाजता आत्या शैलावहिनीकडे गेली नाही. शैलावहिनी बोलवायला आली तर आत्या म्हणाली, "माजे हात दुखतत. दुसरी कोण बघ." शैलावहिनीला वाटलं चार दिवसांची गोष्ट. चार दिवस झाले, आठ झाले. भिंतीपलीकडून रोज सकाळी बाळाचा टाहो ऐकू यायचा, कारण शैलावहिनीला ते न्हाऊ घालणं काही जमायचं नाही, आणि आत्या खिडकीशी बसून तो ऐकायची. रडणं थांबेपर्यंत तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले असायचे. तिचं ते बसणं मला बघवायचं नाही. मी शाळेला लवकर निघून जायचे, भित्रटासारखी.

बाबांनी एक शक्कल काढली. "आक्काला सांगू, पट्ट्याच खराब निघाल्या. मासे कशाने मेले कुणास ठाऊक." आई म्हणाली, "अहो, वन्सं काय लहान आहेत? आयुष्यभर लोकांनी त्यांना खोटं सांगितलं. आता आपणही सांगायचं?" आमची आई एरवी फार बोलायची नाही, पण बोलली की बाबा गप्प. मग रविवारी बाबा आणि मी घाटकोपरला, मासे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात गेलो. बाबांना वाटलं, निदान दोन नवे टेट्रा आणावेत, जवळजवळ रिकामी पेटी बघून आक्काला आणखी लागतंय. चाचांनी आमची सगळी हकीकत ऐकली, बदामाची पानं, निवळी, नऊ नंबर, सगळं, आणि पोट धरून हसले. मला राग आला. मग डोळे पुसत म्हणाले, "बेटा, पानी से झगड़ा नहीं करने का. पहले पानी देखने का, फिर मच्छी लेने का." आणि त्यांनी दुसऱ्या पेटीतल्या काळ्याभोर, जाडजूड माशांकडे बोट दाखवलं. काळी मोली. हिला आंबट पाणी सोसत नाही, म्हणाले, हिला जड, चुन्याचं पाणी लागतं. ते स्वतः हिच्या पेटीत शिंपले टाकून ठेवत. आत्याच्या निवळीचं काय, असं बाबांनी विचारलं, तर चाचा म्हणाले, वाटी नको, पण आठवड्याला चमचाभर घातली तर हिला उलट बरंच वाटेल.

आम्ही चार मोली आणल्या. थोरलो एंजल आणि उरलेला टेट्रा चाचांकडे नेऊन ठेवला, तिथे ते जगले. घरी येऊन मी आत्यासमोर बसले. इतके दिवस मी मनात जी भाषणं तयार केली होती ती सगळी विसरले. म्हटलं, "आत्या, मी चुकले. फार वाईट बोलले. त्या माशांना निवळी चालली नाही, ते खरं आहे. पण ह्यांना चालते. ह्यांना तीच लागते. तुझ्या हाताचा काही दोष नाही. पाण्याचा आणि माशाचा मेळ बसला नाही, एवढंच." आणि चमचा पुढे केला. आत्याने चमचा घेतला नाही. म्हणाली, "आणि माज्या झिलाक?"

मला कळलं नाही. आईला कळलं. आत्याने पुन्हा विचारलं, ह्या वेळी बाबांच्या कोटाकडे बघून, जणू काही त्या कोटाला उत्तर ठाऊक असावं. "तेका दिली असती तर जगलो असतो? का तो पण ह्या बारक्या माशांसारखोच..." एवढी वर्षं ती एकच गोष्ट धरून बसली होती, की निवळी दिली असती तर पोर वाचलं असतं. आणि मी एका शनिवारी ती जांभळी पट्टी नाचवून तिचा तेवढाही आधार काढून घेतला होता. बाबा रडत होते. मी बाबांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, गिरणी गेली तेव्हासुद्धा नाही. शेवटी आई तिच्याजवळ जाऊन बसली. "ठाऊक नाही, वन्सं," ती म्हणाली. "कुणालाच ठाऊक नाही. पण तुम्ही त्याला मारलं नाहीत. एवढं मात्र ठाऊक आहे." चमचा माझ्याच हातात राहिला. त्यानंतर दर गुरुवारी निवळी मीच घालायचे, आणि ती खिडकीशी बसून दुसरीकडे बघायची.

तीन आठवडे गेले असतील. सुट्टीचा दिवस होता. आई-बाबा बाजारात गेले होते, मी काहीतरी पाठ करत होते, आणि आत्या पेटीसमोरून केर काढत होती. केरसुणी थांबली. आत्याने हाक मारली ती अशी, की मी पुस्तक टाकून धावले. सगळ्यांत जाड मोली कोपऱ्यात थरथरत होती, आणि तिच्या पोटाखालून एक काळा ठिपका सुटला, खाली पडला, आणि पडता पडताच पोहायला लागला. मोली अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. चाचांनी सांगितलं होतं, मी विसरले होते. दुसरं सुटलं. तिसरं. आणि तेवढ्यात बाकीच्या तिन्ही मोली धावून आल्या आणि एकीने बघता बघता एक पिल्लू गिळलं! तेही चाचांनी सांगितलं होतं, पिल्लं लगेच वेगळी काढायची. मी पेला बुडवला आणि नुसता राडा केला. मासे घाबरले, पाणी गढूळ झालं, एकही पिल्लू हाताला लागलं नाही. "सर गो बाजूक!" आत्या ओरडली. तिने फळीवरची वाटी घेतली, पदर खोचला, आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

काय सांगू तिचा हात! घाई नाही, धसमुसळेपणा नाही. एक तळवा मोठ्या मोलींच्या आडवा धरून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने वाटी पिल्लाच्या खालून अशी हळूच वर आणायची की त्याला कळायचंही नाही. वाटी माझ्याकडे, मी बरणीत. पुन्हा वाटी. अर्धा-पाऊण तास हे चाललं होतं. तिचं लुगडं पुढून भिजलं, फरशीवर पाणीच पाणी. एकवीस पिल्लं. मी मोठ्याने मोजत होते आणि आत्या दर वेळी म्हणत होती, "जगलो? बघ नीट. पोहता?" आणि मी दर वेळी सांगत होते, "जगला आत्या. पोहतोय." शेवटचं पिल्लू बरणीत गेल्यावर ती खाली बसली आणि बरणीला नाक लावून बघत राहिली. मी रडत होते, हसतही होते. ती रडली नाही. तशीच बघत म्हणाली, "तेचा नाव यशवंत होता." मी ते नाव एकदा मोठ्याने म्हटलं. यशवंत. आमच्या घरात ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं. आत्याने मान हलवली.

भिंतीपलीकडे शैलावहिनीच्या बाळाने टाहो फोडला. दहा वाजले होते. आत्या उठली, ओले हात पदराला पुसले, फडताळातली खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि दारात जाऊन हाक मारली, "शैला! पाणी तापत ठेव गो. चेडवाक न्हाणयतंय." मी तिच्यामागे गेले. शैलावहिनी बाळ खांद्यावर घेऊन मोरीच्या दारात उभी होती, केस विसकटलेले, स्वतःच रडकुंडीला आलेली. तिने बाळ आत्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पाणी तापलंय, आत्या. तुमचा पाटसुद्धा मांडलाय. रोजच मांडते."